दोन बोटं माया

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळी लोखंडी सामान, पितळी भांडी, बंद पडलेली घड्याळं, कंदील यांच्या गर्दीतून वाट काढत मी एकाच जागी जाऊन बसते. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री, तिच्यावर गुडघाभर उंच कपड्यांचा ढीग, आणि ढिगाच्या कडेला पानाचा डबा मांडीशी घेऊन बसलेल्या मावशी. नुसतं पाहून ढिगातलं काही कळत नाही. हात घालावा लागतो. बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. हे टेरिकॉट, हे नायलॉन, हे गिरणीचं पॉपलीन. मधेच एखादं हातमागाचं सूत लागतं, गार, मऊ, तरी अंगची खरखर राखून असलेलं. तिथं हात आपोआप थांबतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी हात असाच थांबला आणि ढिगातून मी एक इरकली लुगडं ओढून काढलं. गर्द हिरवं अंग, लाल काठ, लाल पदर, पदरावर पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांत कंगव्याच्या दातांसारखी नक्षी. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचं हे काम. अंगाचा ताणा सुताचा, पदराचा रेशमाचा, आणि दोन्ही ताण्यांचे धागे फासे टाकून एकमेकांत अडकवायचे, ही तिथल्या विणकरांची रीत. त्यामुळे इरकलीचा पदर अंगाला जोडलेला असतो, पण शिवण कुठं नसते. लुगडं दोन्ही हातांनी ताणून मी उजेडाकडे धरलं, आणि मला तिथं वेगळाच एक जोड दिसला. लुगड्याच्या मधोमध, आडवा, या काठापासून त्या काठापर्यंत, हातानं घातलेला. टाके इतके बारीक आणि एकसारखे, की आधी मला ती वीणच वाटली.

"मावशी, ह्याला दंड घातलाय."

"मग? दंड घातलाय म्हणून तर टिकलंय, ताई," मावशी म्हणाल्या. त्यांनी दीडशे रुपये सांगितले. मी घासाघीस न करता दिले.

दंड घालणं हे बोलणंच आता कानावर येत नाही, म्हणून सांगते. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसायच्या जागी, कासोट्याच्या ओढीत ते आधी विरतं. पदर आणि काठ धड राहतात. मग बायका विरलेला पट्टा कापून काढत, उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडत आणि वीतभर आखूड झालेलं लुगडं पुन्हा नेसायला घेत. तो जोड म्हणजे दंड. माझ्या हातातल्या लुगड्याला दंड घालणाऱ्या बाईशी माझी ओळख तेवढीच: तिनं काठाला काठ तंतोतंत भिडवला होता, उसवू नये म्हणून टोकांना दुहेरी टाका घातला होता, आणि गाठी उलट्या बाजूला दडवल्या होत्या.

आता शहरांतली तरुण मुलं याला थ्रिफ्ट म्हणतात, व्हिंटेज म्हणतात. जुना कपडा शोधून आणायचा आणि तो आपल्या अंगाचा करून रोज वापरायचा, याला मान मिळू लागलाय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी हे गेली पंचवीस वर्षं करते आहे. कचेरीत, बँकेत, भाजी आणायला, कुणाच्या मुंजीला. माझ्या कपाटातले निम्म्याहून अधिक कपडे माझ्याआधी कुणाच्या तरी अंगावर होते. या पंचवीस वर्षांत कापडाबद्दल जे शिकले ते सगळं एका शब्दात मावतं, आणि तो शब्द मला सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्यानं दिला.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. दहावीच्या सुट्टीत आईनं मला त्यांच्याकडे शिवण शिकायला धाडलं. पहिला महिना त्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. नुसतं उसवायला बसवलं. ब्लेडचं अर्धं पातं चिमटीत धरून एकेक टाका तोडायचा, कापडाला ओरखडा येता कामा नये. आधी मला ते कंटाळवाणं वाटलं. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, की बाहेरून सगळे कपडे सारखेच दिसतात. शिवणाऱ्याची जात कळते ती कपडा उलटा केल्यावर. मास्तरांच्या हातचा ब्लाउज उसवला, की दोन्ही कुशींच्या शिवणीत दोन-दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं निघे आणि त्यावर तीन समांतर टिपा असत. अंगालगतची टीप नेहमीची. बाई भरली, बाळंतपण झालं, की ती टीप उसवायची. ब्लाउज सगळा मिळून इंचभर सैल होतो. पुढं कधी आणखी लागलं तर दुसरी. त्या आत ठेवलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात.

"माणसाचं अंग बदलत जातं," मास्तर म्हणायचे. "कापड आपणहून बदलत नाही. माया ठेवली नाही तर पुढच्या वर्षी तेच कापड परकं होतं. दोन बोटं माया ठेवायची, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ठेवायची."

मायेची एक अडचण मात्र असते. वरचं कापड उन्हानं, पाण्यानं, घामानं उतरत जातं आणि शिवणीत दडलेलं कापड तसंच राहतं. त्यामुळे टीप उसवली, की तेवढी पट्टी गडद निघते. गिऱ्हाइकं कुरकुरत, कुणी काखेत लेस लावून मागे, कुणी ब्लाउजच टाकून देई. मलाही ती पट्टी तेव्हा डागासारखी वाटे.

आजीला मात्र डाग वगैरे काही वाटत नसे. तिच्या घरात कापड हे वर्षानुवर्षं पायऱ्या उतरत जाणारं माणूस होतं. लुगडं आधी सणाचं असे, मग रोजचं. दंड घालून दोन-तीन वर्षं निघाली, की त्याचं धड अंग काढून मुलींचे परकर होत, काठ पोलक्याच्या बाह्यांना लागत. परकर आखूड झाला, की त्यातून झबलं आणि कुंची. अगदी मऊ झालेल्या भागाची दुपटी आणि लंगोट. बाळाच्या कातडीला नवं कोरं कापड टोचतं, म्हणून आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला जुन्यातलंच घालत. मग गोधडीचे थर. गोधडीही विटली, की पुसायचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि जे अगदीच हातात येईना त्याचा पीळ घालून देवळातल्या पहाटेच्या आरतीला काकडा. देवापुढे जळणारी ती चिंधी कधीतरी आजीच्या लग्नातली असेल.

आजी लग्न होऊन आली १९४३ साली. महायुद्धामुळे कापडाची टंचाई होती आणि त्याच वर्षी सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं. लोक त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणत. रांगेत उभं राहून जाडंभरडं जे मिळेल ते घ्यायचं. त्याच वर्षी तिकडे ब्रिटनमध्ये, जिथं कपडे कुपनांवर मिळत होते, सरकारनं जुने कपडे कसे दुरुस्त करावेत, कसे उलटवून शिवावेत हे गृहिणींना शिकवणारी 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. या पुस्तिकेबद्दल मी खूप पुढं वाचलं, तेव्हा मला आजीची सुई आठवली. सरकारला पुस्तिका काढून जे सांगावं लागलं ते आजीच्या आईनं तिला न सांगता, शेजारी बसवून शिकवलं होतं.

आईच्या वेळी घरात थोडा पैसा आला आणि बोहारीण आली. डोक्यावर चकाकत्या भांड्यांची पाटी, कमरेला गाठोडं. दुपारी जेवणं आटोपली, की तिची हाक येई. आईचा व्यवहार डब्यावर, परातीवर चाले आणि बोहारणीचा कापडावर. मी पायरीवर बसून पाहायची. प्रत्येक कपडा ती उलगडून उजेडाकडे धरी, काखेत आणि गुडघ्यावर अंगठा फिरवी, शिवण उलटी करून आत किती कापड आहे ते बघे. टेरिकॉटच्या पँटीला भाव, विरलेल्या सुती साडीला कमी, जरीच्या साडीला सगळ्यात जास्त, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि ती वितळवून घेणारे लोक असतात. "वहिनी, ह्यात काय राहिलं नाही," असं म्हणून तिनं बाजूला टाकलेल्या कपड्यात खरोखर काही उरलेलं नसे. कापडाची तिच्याइतकी अचूक पारख मी फार थोड्या माणसांत पाहिली.

तिच्या गाठोड्याचं पुढं काय होतं हे मला जुन्या बाजारातल्या मावशींनी दाखवलं. कपडे धुतले जातात, बटणं लावली जातात, ठिगळं बसतात, इस्त्री होते आणि मग ते पुन्हा विकायला येतात. जे अंगावर घालण्यासारखं नाही ते गॅरेजात, कारखान्यांत मशिनं पुसायला जातं. त्यातही पांढऱ्या सुताला मागणी अधिक, कारण ते तेल चांगलं टिपतं. लोकरीच्या चिंध्यांची वाट निराळी. हरियाणातल्या पानिपतला परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या चादरी-कांबळी विणतात. आपण 'टाकून दिलं' म्हणतो, तेव्हा त्या वस्तूचा आपल्याशी असलेला संबंध तेवढा संपतो. ती मात्र कुणाच्या तरी हातात पडतेच, आणि ते हात बहुधा बाईचे असतात.

जुनं कापड हाताळायला मी शिकले ते एका चुकीतून. पहिल्या पगारानंतर याच बाजारात मला एक जांभळी रेशमी साडी मिळाली. झळाळी अशी, की मी दुसरं काही पाहिलंच नाही. तिचा कुर्ता शिवला, तो घालून कामावर निघाले, आणि बसमध्ये दांडी धरायला हात वर केला तेव्हा पाठीवर कापड सरळ रेषेत चिरत गेलं. पूर्ण दिवस ओढणी पाठीवर घेऊन बसले. रात्री तुकडे पुढ्यात घेऊन पाहिलं तेव्हा कारण कळलं: साडी वर्षानुवर्षं ट्रंकेत एकाच घडीत, वर इतर कपड्यांचं ओझं घेऊन पडली होती. रेशीम घडीवरच मरतं. त्यासाठीच जुन्या बायका वर्षातून दोनदा साड्यांची घडी बदलत, मलमलीत गुंडाळत, वेखंड ठेवत. एका चांगल्या साडीचा मी माझ्या घाईनं शेवट केला, याची टोचणी अजून आहे.

तेव्हापासून काही नेम पाळते. कापड आधी उजेडाकडे धरायचं. जिथं जाळी दिसेल तो भाग सोडायचा. घडीच्या रेषेवर दोन अंगठे ठेवून आडवं ओढायचं. धागे सरकले तर ते अंगावर घालायचं नाही, भिंतीवर लावावं किंवा गोधडीत घालावं. कडेचा एक धागा काढून जाळून पाहायचा: सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. रोजच्यासाठी मी सूतच घेते. रोजचा कपडा म्हणजे पाण्यात पडणारा, उन्हात वाळणारा, गर्दीत चुरगळणारा; ते सोसायला सूत लागतं. आणलेला कपडा रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, सावलीत वाळवायचा, आणि आठ दिवस डोळ्यांसमोर टांगून ठेवायचा. या आठ दिवसांतच त्याचं काय करायचं ते ठरतं. कधी ठरतं, की काहीच करायचं नाही.

अंगावर घालताना माझा एकच दंडक आहे: एका वेळी एकच जुनं. गडद इरकलीखाली पांढरा साधा कुर्ता. खणाची पट्टी असलेल्या कुर्त्यावर कानांत काही नाही. सत्तरच्या दशकातला मोठ्या कॉलरचा, फुलाफुलांचा टेरिकॉट सदरा असेल तर खाली काळी सरळ विजार, आणि तोही थंडीतच, कारण टेरिकॉटमध्ये उन्हाळ्यात जीव गुदमरतो. दोन जुन्या वस्तू एकत्र आल्या, की नाटकातला पोशाख होतो. एकच असली, की ती आजची होते.

एकदा ढिगात बारीक फुलांची वायलची साडी मिळाली. तिच्या एका टोकाला, काठालगत, गिरणीच्या नावाचा निळा शिक्का अजून वाचता येत होता. मुंबईतली ती गिरणी केव्हाच बंद पडली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढं एकेक भोंगा थांबत गेला आणि गिरणगावाच्या जागी उंच इमारती आल्या. ती वायल मात्र तशीच होती, फुंकर मारली तर उडेल अशी हलकी आणि तरीही धड. मी तिचा पूर्ण बाह्यांचा सदरा शिवला आणि तो शिक्का कॉलरच्या आत, मानेला टेकेल असा घेतला. बाहेरून कुणाला दिसत नाही. सकाळी बटणं लावताना मला तो जाणवतो, आणि कुणी सांच्यावर उभं राहून हे कापड काढलं होतं याची आठवण राहते.

इरकलीवर कात्री चालवायला मला तीन महिने लागले. अखेर तिचं बिनबाह्यांचं जाकीट करायचं ठरवलं. मोजून-मापून दंड पाठीवर आडवा येईल असा कागद मांडला. दंड टाळून कापलं असतं तर कापड वाचलं असतं, काम सोपं झालं असतं. पण मला ते लुगडं त्या टाक्यांसाठीच हवं होतं. काठ उभे पुढच्या दोन्ही कडांना घेतले, पदराची लाल पट्टी आतून गळ्याला लावली, अस्तर मांजरपाटाचं. उभ्या धाग्याला उभा धागा ठेवला, म्हणजे धुतल्यावर कपडा तिरका ओढत नाही. आणि कुशीत दोन बोटं माया.

ते जाकीट घालून मी पहिल्यांदा कचेरीत गेले त्या दिवशी चौघीजणींनी हात लावून पाहिलं. माझी एक मैत्रीण, पंधरा वर्षं शेजारच्या टेबलाशी बसणारी, काहीच बोलली नाही. दुपारी डबा खाताना तिनं माझ्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हा दंड आहे ना गं?"

मला आश्चर्य वाटलं. बाजाराबाहेर दंड ओळखणारं कुणी मला वर्षानुवर्षांत भेटलं नव्हतं.

"आई घालायची," ती म्हणाली. "चार घरची कामं करायची आमच्या गावी. दिवाळीला त्या बायका उतरलेली लुगडी द्यायच्या. विरलेलीच असायची. आई दंड घालून नेसायची. लुगडं पहिल्या दिवसापासून तिचं कधी नव्हतंच."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. तिसरीत असताना तिनं कामाच्या घरून आलेला फ्रॉक घालून शाळेत पाऊल टाकलं, आणि त्याच वर्गातली त्या घरची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, 'हा माझा फ्रॉक आहे.' त्या दिवसानंतर मैत्रिणीनं दुसऱ्याचं कापड अंगाला लावलं नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिनं आईसाठी आणि स्वतःसाठी कोरं कापड घेतलं होतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून गाडगेबाबांचं नाव काढलं. चिंध्यांचा अंगरखा घालून त्यांनी महाराष्ट्र झाडला, असं काहीसं म्हणाले.

"बाबांनी तो स्वतः निवडला होता," ती शांतपणे म्हणाली. "आईला कुणी निवडायला दिलं नव्हतं."

त्या रात्री मी ते जाकीट टांगलं आणि पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत बसले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं लिहिलेलं आहे, आणि चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत असंही. जुनं कापड देणं ही दया नव्हती, तो नियम होता. माणसाची पायरी त्याच्या अंगावर दिसत राहावी म्हणून केलेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत ते पुस्तक जाळलं गेलं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढं भाषण केलं आणि त्यात लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल बोलले: जी पद्धत अस्पृश्यतेची खूण सांगते ती सोडा. कापडाचा प्रश्न तेव्हा त्यांना किरकोळ वाटला नाही. आम्ही मात्र जुन्या कपड्यांबद्दल पर्यावरण, कला, आठवणी असं सगळं बोलतो आणि हे बोलायचं राहून जातं.

जुनं घालणं सुंदर केव्हा होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं आहे. ज्याला नवंही घेता आलं असतं त्यानं जुनं घेतलं, मोल देऊन घेतलं, तर ती निवड आहे. ज्याला दुसरं काही मिळू दिलं नाही त्याला जुनं दिलं, तर तो अपमान आहे, मग कापड कितीही धड असो. म्हणून मी आता कुणाला माझे वापरलेले कपडे विचारल्याशिवाय देत नाही. द्यायचे असले तर धुऊन, बटणं लावून, उसवलेलं शिवून, समोर मांडते आणि म्हणते, आवडलं तरच घ्या. बाजारातल्या मावशींशी भाव करत नाही तेही याच कारणानं. कपडा वाचवण्याची खरी मेहनत त्यांनी केलेली असते. मी फक्त शेवटची टीप मारते.

आणखी एक गोष्ट. हल्ली ढिगात नवे कपडेही येतात. सहा महिन्यांत टाकलेले, रंग न उतरलेले. ते उचलून मी सवयीनं उलटे करते आणि ठेवून देते. आत पाव इंचसुद्धा कापड नसतं. कडेला ओव्हरलॉक मारून जास्तीचं सगळं छाटलेलं. हजारो कपड्यांत पाव-पाव इंच वाचवलं, की कारखान्याचं कितीतरी कापड वाचतं, हे मला समजतं. पण तो कपडा ज्या अंगासाठी कापला त्यापलीकडे कुणाचा होऊ शकत नाही. त्या अंगाचाही तो वर्ष-दोन वर्षंच राहतो. जुने कपडे पुन्हा घालता येतात, याचं श्रेय आम्हा नव्यानं शिवणाऱ्यांकडे थोडंच आहे. ज्यांनी पहिल्यांदा शिवताना आत कापड ठेवलं, आपल्याला न दिसणाऱ्या पुढच्या दिवसांसाठी ठेवलं, त्यांचं ते आहे.

यंदा मार्चमध्ये मैत्रीण घरी आली. हातात कापडी पिशवी. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. पिशवीत पांढरी, निळ्या काठाची सुती साडी होती आणि निळा ब्लाउज.

"पहिल्या पगारातली साडी," ती म्हणाली. "आणि हा ब्लाउज. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा शिवून घेतला होता. शिंप्यानं टेप लावला तेव्हा हसत होती. मला चौदा एप्रिलला हेच घालायचंय. पण आई बारीक होती गं, मला होत नाही. साडीला कात्री लावायची नाही. ब्लाउजचं काही होईल?"

मी ब्लाउज उलटा केला. कुण्या तालुक्याच्या गावच्या शिंप्यानं शिवलेला. दोन्ही कुशींत भरपूर कापड दुमडून ठेवलेलं, तीन टिपा. चार घरची कामं करणारी, काटकुळी बाई समोर उभी होती, आणि त्यानं तिच्यासाठीही तेवढीच माया ठेवली होती जेवढी कुणाही गिऱ्हाइकासाठी ठेवतात.

दिवा जवळ ओढून मी पातं चिमटीत धरलं. दोन्ही बाजूंची पहिली टीप उसवली, मग दुसरी. दोरा जुना असूनही चिवट होता. टाका तुटताना बारीक आवाज होई. कापड उलगडलं आणि त्याबरोबर आतला रंग वर आला. बाहेरचा निळा धुण्यानं पुसट, आकाशी झाला होता. शिवणीतली पट्टी गर्द निळी होती, दुकानातून आजच फाडून आणल्यासारखी.

"ही पट्टी दिसेल," मी म्हणाले. "हात वर केला, की काखेखाली दिसेल. लेस लावून झाकता येईल. नाहीतर पूर्ण ब्लाउज रंगवून आणू."

तिनं ब्लाउज माझ्या हातातून घेतला, पट्टीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून बसली.

"आईनं अंगात घातला तेव्हा हा असा होता," ती म्हणाली. "राहू दे. दिसू दे."

तिथंच, माझ्या पायमशिनीपाशी उभी राहून तिनं तो घालून पाहिला. बाह्यांत जरा घट्ट, बाकी नीट बसला. मी कुशींवर खडूनं खूण केली आणि दोन्हीकडे नवी टीप मारली. दोरा कापायच्या आधी आत पाहिलं. बोटभर कापड अजून शिल्लक होतं. ते मी दुमडून तसंच आत ठेवलं.